रंगीत कोष्टकांची कुळकथा

१ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली हा नवा जिल्हा अस्तित्वांत आला, आणि वसमत तालुक्यांतील हट्टा हें गांव आपल्या जागेवरून तसूभरहि न हलतां सरकारी कोष्टकांच्या एका ओळींतून उठून दुसऱ्या ओळींत जाऊन बसलें. गांवांचीं असलीं स्थलांतरें कागदावरच होतात, व गांवकऱ्यांस तीं फारशीं जाणवत नाहींत. परंतु पुढें एकवीस वर्षांनीं त्या ओळीला एक रंग प्राप्त झाला, आणि तो मात्र घराघरांत जाणवला. ३० एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें देशांतील ७३३ जिल्ह्यांची यादी प्रसृत केली. करोनाच्या सांथीच्या मानानें त्यांपैकीं १३० जिल्हे तांबडे, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे ठरले. महाराष्ट्राचे १४ तांबडे, १६ नारिंगी व ६ हिरवे होते. हिंगोली नारिंगी, शेजारचे परभणी व नांदेड हेहि नारिंगी, वाशीम हिरवा, आणि यवतमाळ तांबडा. हिरव्या जिल्ह्यांत अर्ध्या आसनांवर कां होईना, पण बस चालूं शकत होती. नारिंगींत ती बंद. राज्य सरकारास एखाद्या जिल्ह्याचा रंग अधिक कडक करण्याची मुभा होती, सौम्य करण्याची नव्हती. लेकीनें माहेरीं यावें कीं नाहीं, व्यापाऱ्यानें माल न्यावयास तालुक्याबाहेर जावें कीं नाहीं, हें सारें कोष्टकाच्या एका घरांतील रंगावर येऊन ठेपलें होतें.

येथें आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या यादींत प्रत्येक जिल्ह्यापुढें रंगाचें नांव अक्षरांनीं लिहिलेलें होतें. त्यामुळें ती साध्या काळ्या शाईच्या यंत्रावर छापली, तिची प्रत काढली, प्रतीचीहि प्रत काढली, तरी हिंगोलीचा रंग पालटला नाहीं. पडद्यावर झळकणाऱ्या ज्या तक्त्यांत नुसताच रंग भरलेला असतो, त्यांची कागदावर उतरल्यानंतर काय अवस्था होते, हें कोणत्याहि कचेरींत जाऊन पाहावें. रंगानें बोलणारें कोष्टक छापतांना त्याचें बोलणें कागदापर्यंत पोंचतें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां यंत्रज्ञांचा आहे. आम्हांस तो इतिहासाचा वाटतो. कारण आमच्या लेखकांनीं, छापखानेवाल्यांनीं आणि तलाठ्यांनीं तो संगणकाच्या पुष्कळ आधीं आपापल्या परीनें सोडविलेला आहे.

हस्तलिखित पोथ्यांच्या काळीं रंग ही सहज साधणारी वस्तु होती. लेखनिकाजवळ दोन दौती असत. एक काजळाच्या काळ्या शाईची, दुसरी हिंगुळाच्या किंवा गेरूच्या तांबड्या रंगाची. हात एका दौतींतून दुसऱ्या दौतींत नेला कीं रंग बदलला. समासाच्या रेघा तांबड्या. अध्याय संपल्याची पुष्पिका, वक्त्याचें नांव, श्लोकांचे आंकडे हेहि पुष्कळदां तांबडे. आणि मूळ ग्रंथ काळा. तिसरा रंग पिवळा. तो हरताळाचा. अक्षर चुकलें तर खरवडून कागद फाडण्यापेक्षां त्यावर हरताळाचा लेप देत आणि लेप वाळल्यावर त्यावरच शुद्ध अक्षर लिहीत. एखाद्याच्या उपदेशाला आपण ‘हरताळ फासला’ असें म्हणतों तो वाक्प्रचार ह्या लेपांतून आलेला आहे. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ निराळ्या कुळांतला. त्यांत संस्कृत ‘हट्ट’ म्हणजे बाजार हा शब्द दडलेला आहे. हट्टा गांवाच्या नांवाशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो खरा, पण मोहाला पुरावा म्हणत नाहींत.

तात्पर्य इतकेंच कीं तांबडा विभाग दाखवी, काळा आशय सांगे, आणि पिवळा रद्द करी. हिंगूळ हें पाऱ्याचें व हरताळ हें सोमलाचें गंधकयुक्त खनिज, दोन्ही टिकाऊ. शिवाय रंग हा पानाचाच एक भाग होता. पोथी ज्याच्या हातीं जाई, त्याच्या हातीं तिचे तीनहि रंग जात. ज्यानें लिहिलें त्यानेंच रंगविलें, आणि वाचणाराला दिसे तें लिहिणारानें घातलेलेंच असे. हें साधें वाटणारें सुख पुढें कायमचें हरपलें.

तें प्रथम हरपलें छापखान्यांत. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८४१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. पंचांग हें आमच्या घरांतलें अत्यंत जुनें आणि अत्यंत दाट कोष्टक: तिथि, वार, नक्षत्र, योग, करण यांचे रकाने आणि दिवसागणिक एक ओळ. छापलेलें पंचांग देवघरांत चालेल कीं नाहीं ही शंका त्या काळीं लहान नव्हती. शाईंत जनावराची चरबी असते अशी समजूत असल्यामुळें गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई केली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. शाई सोंवळी झाली. पण ती एकाच रंगाची होती. शिळाछापाच्या पद्धतींत प्रत्येक रंगास निराळा दगड आणि निराळा दाब लागतो. म्हणजे पोथींत जो रंग एका दौतीच्या अंतरावर होता तो आतां दुप्पट मेहनतीचा व दुप्पट खर्चाचा झाला.

१८९४ सालीं राजा रविवर्म्यानें मुंबईंत शिळाछापखाना काढला, तेव्हां बहुरंगी छपाई ह्या देशाला अशक्य नाहीं हें घराघरांतील भिंतींनीं पाहिलें. मग कोष्टकें तशींच काळीं कां राहिलीं? खर्च हें एक कारण झालें. पण आमच्या मतें दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. चित्रांत देवीच्या पदराचा रंग केसभर सरकला तर कांठ थोडा धूसर होतो, आणि भाविकाची दृष्टि त्यावरून निघून जाते. कोष्टकांत तांबडा दगड केसभर सरकला तर चतुर्थीचा रंग पंचमीला लागतो. चित्र चुकून सुंदर राहूं शकतें; कोष्टक चुकलें म्हणजे खोटें होतें. म्हणून पंचांगकर्त्यांनीं रंगाचा नाद सोडला आणि अक्षरांची काटकसर केली. घटकांना ‘घ.’, पळांना ‘प.’, नक्षत्रांना त्यांचीं आद्याक्षरें, अशी एक सबंध सांकेतिक भाषा त्या बारीक घरांत वाढीस लागली. आमच्या आजीला ती न शिकतां येत होती.

खिळ्यांच्या छपाईंत तर कोष्टक हें जुळाऱ्यांचें दुखणेंच होतें. आडवे खिळे जुळवावे, मधें उभ्या पितळी पट्ट्या बसवाव्या, आणि एक आंकडा वाढला कीं सारी चौकट उसवावी! अशा कामांत दुसऱ्या रंगाची मागणी करणारा ग्राहक कोणास प्रिय होणार? ती मागणी मोठ्या प्रमाणावर पुरी झाली ती पुढें, नव्या यंत्रांनीं रंग स्वस्त केल्यानंतर. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकरांनीं ‘कालनिर्णय’ सुरू केलें आणि पंचांगाची दाट ओळ फोडून तिचीं महिन्याच्या पानावर मोकळीं घरें केलीं. तांबडा आंकडा म्हणजे सुट्टी, हा धडा मराठी मुलाला शाळेंत जाण्यापूर्वींच भिंतीवर मिळतो. रंगीत कोष्टकाची आमच्या समाजांतील खरी मुळाक्षरें हींच होत. तथापि तेथेंहि दिवाळीच्या घरांत ‘दिवाळी’ हा शब्द छापलेला असतोच. पानाची काळी प्रत काढली तर सुट्टीचा रंग जाईल, दिवाळी जाणार नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. १९७० सालीं आय.बी.एम. कंपनींतील एडगर कॉड ह्या गणितज्ञानें माहितीचा सारा सांठा कोष्टकांच्या रूपानें ठेवावा असा विचार मांडला, आणि आज बँकेपासून तहसिलीपर्यंत बहुतेक दप्तरें त्याच पद्धतीनें ठेवलेलीं आहेत. पण ह्या सांठ्यांतील कोष्टक आणि आमच्या पोथीचें पान यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. सांठ्यांत फक्त मूल्यें असतात. तेथें ओळींना ठरलेला क्रम नसतो, आणि रंग तर मुळींच नसतो. रंग जन्माला येतो तो अहवाल काढण्याच्या क्षणीं. अहवाल तयार करणारी आज्ञावली पानाचे पट्टे पाडते: वर मथळ्याचा, त्याखालीं रकान्यांच्या नांवांचा, मधें तपशिलाचा, शेवटीं बेरजेचा. तपशिलाचा पट्टा एकदांच आंखलेला असतो आणि सांठ्यांतील प्रत्येक नोंदीसाठीं तोच पुन्हा पुन्हा छापला जातो. त्या पट्ट्याला एक अट सांगून ठेवावयाची: बाकी थकली असेल तर घर तांबडें कर, फिटली असेल तर हिरवें कर. ही अट प्रत्येक नोंदीच्या वेळीं नव्यानें तपासली गेली पाहिजे. ती एकदांच तपासली तर पहिल्या कुळाचा रंग पानावरील सगळ्या कुळांना लागतो, आणि एकाच्या थकबाकीनें सारें गांव तांबडें होतें. नवशिक्या कारागिराच्या हातून होणारी ही चूक फार जुनी व फार वारंवार घडणारी आहे.

येथें आमच्या मुद्याचा गाभा आहे. पोथींतला रंग हा मजकूर होता. संगणकाच्या कोष्टकांतला रंग हें मजकुराविषयीं कोणीतरी केलेलें मत आहे. तेंच मूल्य एका अहवालांत हिरवें आणि दुसऱ्यांत पिवळें असूं शकतें, कारण अट घालणारा निराळा. मत वाईट असतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण मूल्य आणि मत यांपैकीं कागदावर एकच उतरणार असेल, तर तें मूल्य असावें.

जुन्या छपाईयंत्रांना हा विवेक नाइलाजानें करावा लागे. ठिपक्यांनीं अक्षर उमटविणाऱ्या यंत्रांत बहुधा एकच काळी फीत असे. १३२ अक्षरांची लांबच लांब ओळ वाचतांना नजर खालच्या ओळींत घसरूं नये म्हणून सलग कागदावर फिकट हिरवे पट्टे आधींच छापलेले असत. तो रंग कांहींच सांगत नसे. तो फक्त बोट धरून नेई. थकलेल्या रकमेपुढें फुली किंवा तारका छापत, आणि ती फुली दहाव्या प्रतींतहि फुलीच राही. पुढें रंगीत पडदे आले, रंग उमटविणारीं यंत्रें आलीं. १९९७ सालच्या ‘एक्सेल’मध्यें अटीप्रमाणें घर रंगविण्याची सोय साध्या कारकुनाच्याहि हातीं आली, आणि फुल्या अडाणी वाटूं लागल्या.

पडद्यावरचा रंग हा प्रकाश आहे. तो तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन दिव्यांच्या मिश्रणानें होतो. कागदावरचा रंग ही शाई आहे. ती प्रकाशांतून कांहीं भाग खाऊन उरलेला डोळ्यांकडे धाडते. एकाचें दुसऱ्यांत भाषांतर करतांना छटा थोडी बदलतेच, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती पुढच्या दोन प्रकारांबद्दल. पहिला असा कीं संकेतस्थळें दाखविणाऱ्या आज्ञावल्या पान छापतांना शाई वांचविण्यासाठीं घरांचा पार्श्वरंग सहसा आपण होऊन गाळतात. तो हवा असेल तर मुद्दाम खूण करून मागावा लागतो. पडद्यावर तांबडें दिसणारें घर कागदावर पांढरें स्वच्छ येतें, आणि घेणाराला कांहीं गाळलें गेल्याचा संशयहि येत नाहीं. दुसरा प्रकार काळ्या यंत्रांचा. हीं यंत्रें रंगांचें करड्यांत रूपांतर करतात, आणि त्याचें एक रूढ गणित आहे: तांबड्याचे हजारीं २९९, हिरव्याचे ५८७ व निळ्याचे ११४ भाग घ्यावे. हें प्रमाण अमेरिकेंत १९५३ सालीं रंगीत दूरचित्रवाणीचें कार्यक्रम काळ्यापांढऱ्या संचांवरहि नीट दिसावे म्हणून ठरलेल्या मानांतून आलेलें आहे. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा असें धरलें, तर शुद्ध तांबडा ह्या गणितानें ७६ होतो. संगणकाच्या रंगसूचींत ‘ग्रीन’ ह्या साध्या नांवानें जो गडद हिरवा ओळखला जातो, तो होतो ७५. वाचकांनीं हे दोन आंकडे पुन्हा एकदां वाचावे. अत्यंत धोक्याचें घर आणि अत्यंत सुरक्षित घर काळ्या प्रतींत एकाच करड्या रंगाचीं होतात! नारिंगी होतो १७३, आणि पिवळा २२६, म्हणजे जवळजवळ कोरा कागद. छटा बदलल्या तर आंकडे बदलतील. धोका बदलत नाहीं.

ज्यांच्या डोळ्यांना तांबडाहिरवा भेद जन्मतःच नीट कळत नाहीं अशा माणसांची, आणि त्यांत पुरुषच फार, अडचण तर रंगीत प्रतींतहि सुटत नाहीं. जॉन डाल्टन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १७९४ सालीं स्वतःच्याच दृष्टीचें हें वैगुण्य विद्वत्सभेपुढें मांडलें. सव्वादोनशें वर्षें उलटलीं तरी अहवाल आंखणारांच्या कानीं तें पुरतें गेलेलें दिसत नाहीं.

मग रंगच टाकून द्यावा काय? असें म्हणणारे कांहीं विद्वान् मित्र आम्हांस आहेत. आम्ही त्यांच्याशीं सहमत नाहीं. हवामानखात्याच्या मुंबई येथील प्रादेशिक केंद्राकडून जिल्हावार इशाऱ्यांचें जें कोष्टक निघतें तें पाहावें. उभ्या क्रमानें जिल्हे, आडव्या क्रमानें पुढील दिवस. हिरवें घर म्हणजे इशारा नाहीं. पिवळें म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. तांबडें म्हणजे हालचाल करा. मराठवाड्याच्या आठ ओळींत हिंगोलीची ओळ शोधून त्यांतलें नारिंगी घर टिपावयास क्षणहि लागत नाहीं. तीच माहिती नुसत्या अक्षरांत असती तर सारें पान वाचावें लागलें असतें. वसमतच्या बाजूस हळदीचें पीक मोठें. तेथील हळदीला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. काढणीनंतर हळद शिजवून उन्हांत वाळत घातलेली असतांना आभाळ भरून आलें, तर इशारा घटकाभर आधीं कळण्याची किंमत हट्ट्याच्या शेतकऱ्यास प्राध्यापकांनीं शिकवावी लागत नाहीं. रंगाचें काम वेगाचें आहे, आणि तें दुसऱ्या कोणाच्यानें होणारें नाहीं.

परंतु हवामानखात्याच्या त्या घरांत रंगाच्या जोडीला शब्दहि असतात: तुरळक ठिकाणीं जोरदार पाऊस, मेघगर्जना, वादळी वारे. ‘जोरदार’ ह्या शब्दालाहि माप आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. काळ्या शाईच्या वर्तमानपत्रानें तें कोष्टक उचललें तरी ‘यलो अलर्ट’ हे शब्द छापून त्याचें काम भागतें. यांत रंग आधीं पोंचतो आणि शब्द मागें राहून साक्ष देतो. कोष्टकाच्या मांडणीचा याहून चांगला नमुना आमच्या पाहण्यांत नाहीं.

सर्वांत मोठी साक्ष अर्थात् जमिनीच्या कागदाची. हट्ट्याच्या शिवाराचें दप्तर कित्येक हातांतून गेलेलें आहे. निजामाच्या अमलांत तें उर्दूंत होतें. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्या मधल्या काळांतील १९५४-५५ चें खासरा पत्रक हा आजहि मराठवाड्यांत हक्काच्या वादांत शोधला जाणारा कागद आहे. पुढें १९६६ चा जमीन महसूल कायदा आणि १९७१ चे नियम यांनीं सातबारा त्याच्या आजच्या नांवारूपास आला: गांव नमुना सात हा अधिकारांचा, गांव नमुना बारा हा पिकांचा. ह्या कोष्टकावर घराण्यांचीं भांडणें होतात, मुलींचीं लग्नें ठरतात, आणि बँका कर्ज देतात. तरी त्यांतली मुख्य भाषा रंगाची नाहीं. फेरफाराचा क्रमांक वर्तुळांत लिहावयाचा. खातेदार मयत झाला किंवा कर्जाचा बोजा उतरला कीं ती नोंद कंसांत घालावयाची. कंसांत गेलेलें नांव म्हणजे हरताळ फासलेलें नांव. फरक एवढाच कीं येथें खालचें अक्षर वाचतां येतें, आणि जमिनीच्या बाबतींत तें वाचतां येणें अवश्य असतें. आज आजोबांच्या नांवाभोंवतीं कंस आहे म्हणूनच नातवाला आपला हक्क कोठून आला तें दाखवितां येतें.

१९८८-८९ सालीं जमिनीचीं दप्तरें संगणकावर घेण्याचा प्रयोग देशांतील आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्राचा वर्धा होता. १ मे २०१८ पासून राज्यांत अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. सुमारें अडीच कोटी सातबारे सांठ्यांत गेले, आणि ते पाहण्याचें साधन रंगीत पडदा झालें. अशा वेळीं मयत खातेदाराचें नांव करडें करावें, बोजा तांबडा करावा, प्रलंबित फेरफार पिवळा करावा, असा मोह मांडणी करणारास होणें स्वाभाविक होतें. परंतु हा कागद तहसिलींतून सोसायटींत, सोसायटींतून बँकेंत व बँकेंतून वकिलाकडे जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची एक काळी प्रत निघते. शिवाय कंस ही खूण फार नाजुक. तिसऱ्या प्रतींत तो नांवाच्या काठाला चिकटलेला डाग वाटतो, आणि मेलेला माणूस कागदावर पुन्हा जिवंत होतो. २०२० सालीं सातबाऱ्याच्या नमुन्यांत कांहीं सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत मयत खातेदार, उतरलेले बोजे व तत्सम नोंदी नुसत्या कंसावर न सोडतां त्यांवरून एक आडवी रेघ ओढावी असें ठरलें. प्रलंबित फेरफाराचा उल्लेखहि त्याच्या स्वतंत्र जागीं अक्षरांनीं येऊं लागला. ती आडवी रेघ काळ्या शाईनेंच निघते, नांवाच्या मधून जाते, आणि तिच्याखालचें नांव वाचतां येतें.